सवळलेले हिवर

सकाळी साडेदहाला धुळोबाच्या माळावर पंचनाम्याला सुरुवात झाली आणि अकराच्या आत माळावर एकही झाड नाही असं ठरलं. हे ठरवणाऱ्या तलाठ्याची पिशवी तेव्हा एका हिवराच्या तोडलेल्या फांदीच्या खुंटाला अडकवलेली होती.

तलाठ्याचं नाव राजवर्धन. वय तिशीच्या आतलं, बोलणं नम्र. त्यानं लिहिलेलं वाचून दाखवलं, "सदर क्षेत्रात वृक्ष नसून विरळ काटेरी झुडपे व काही वठलेले खुंट आढळून आले." मग पेन मंगलपुढं धरलं. मंगल गावची पोलीस पाटील. तिची सही झाली की कागद पुरा होणार होता, आणि कागद पुरा झाला की गायरानाचा हा माळ सौर पॅनेल मांडायला कंपनीकडं जाणार होता.

मंगलनं पेन घेतलं नाही. ती म्हणाली, यातला 'वठलेले' हा शब्द काढा.

सरपंच शालूबाईंचा नवरा भाऊसो शेजारीच उभा होता. सरपंचकी बायकोच्या नावावर, पण गावाचं सगळं तोच बघायचा. तोंडातला गुटखा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत तो हसला.

"वठलंय का न्हाई हे आता झाडालाच इचारायचं का, वैनी?"

दोघंचौघं हसली. कंपनीचा माणूस हसला नाही, कारण तो मोबाईलमध्ये बघत होता.

धुळोबाच्या वाडीत झाडाला नुसतं झाड क्वचितच म्हणतात. माण तालुक्याच्या कोरड्या अंगाला झाडंच मोजकी, त्यामुळं प्रत्येकाची अवस्था सांगायला वेगळा शब्द. शेंगांनी लगडलेला हिवर लेकुरवाळा. शेंगा न धरणारा भाकड, पण त्याच्याखाली मेंढरं बसतात म्हणून भाकड म्हणताना कुणी नाक मुरडत नाही. शेंड्याकडून वाळत आलेला हडकलेला. आतून किडीनं खाल्लेला पोखरलेला. चाऱ्यासाठी ज्याच्या फांद्या उतरवल्यात तो सवळलेला; तो बोडका दिसतो, महिनाभर त्याच्याकडं बघवत नाही, पण तो गेलेला नसतो. आणि वठलेला म्हणजे गेलेला. हा शेवटचा शब्द वाडीतली म्हातारी माणसं जपून वापरतात. एखाद्या झाडाला वठलेलं म्हटलं की त्याच्यावर कुऱ्हाड चालवायला कुणाची आडकाठी उरत नाही.

मंगल जवळच्या हिवरापाशी गेली. कमरेची किल्ली काढून तिनं त्याच्या फिकट सालीवर ओरखडा काढला. सालीखाली हिरवं होतं. ओलं, काकडी सोलल्यासारखं हिरवं.

"ही वठल्याली न्हाईत," ती म्हणाली. "सवळल्याली हायत."

राजवर्धननं वाकून बघितलं. तेवढ्यात भाऊसोनं बाजूला होऊन पिचकारी टाकली. ती खाली पडायच्या ऐवजी बुंध्यावर बसली, नेमकी ओरखड्यावर. हिरव्यावरून लाल ओघळ सालीच्या भेगांत उतरला. मागून कुणीतरी म्हणालं, आता लिहा साहेब, तांबडं हाय म्हणून. पुन्हा हसू झालं. पिचकारी मुद्दाम टाकलेली नव्हती, हे मंगलला कळत होतं. माणूस मुद्दाम थुंकला असता तर त्याला निदान ते झाड तरी दिसलेलं असतं.

राजवर्धन तिला म्हणाला, "ताई, हिरवं आहे, मला मान्य आहे. पण याला शेंडा कुठाय? फांदी कुठाय? सावली दाखवा मला याची."

सावली नव्हती. माणूसभर उंचीचे बोडके बुंधे माळभर उभे होते आणि त्यांच्या पायथ्याला त्यांच्याइतकीच बारीक सावली पडली होती. मंगलनं पुन्हा सांगितलं की ही सवळलेली आहेत, फुटतील. तो म्हणाला, सवळलेलं असा प्रकार आमच्याकडं नाही. वृक्ष आहे, झुडूप आहे, वठलेलं आहे. त्यातलं जे दिसतं ते लिहायचं. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, आणि तेच तिला जास्त ओंगळ वाटलं. तो शिराळ्याचा, पावसाच्या बाजूचा. त्याच्या लेखी हिवर म्हणजे मोटारसायकलचं चाक पंक्चर करणारा काटा होता, एवढंच.

तिनं विचार करायला वेळ मागितला. राजवर्धननं घड्याळात बघितलं आणि जेवणानंतर सही झाली तरी चालेल असं सांगितलं. मग खिशातली बाटली काढून हातावर दोन थेंब घेऊन ते चोळले. माळावर दवाखान्याचा वास पसरला.

*

हे हिवर असे झाले कसे, हे वाडीत कुणाला विचारायची गरज नव्हती. ते सगळ्यांनी मिळून केलं होतं.

माळावरचे हिवर कुणा एकाचे नाहीत. पाडव्यानंतरच्या रविवारी, म्हणजे धुळोबा देवाच्या वारी, खांडवाले, शेळ्यामेंढरांचे कळप राखणारे, माळावर जमायचे आणि त्या वर्षी कुठली ओळ सवळायची ते ठरवायचे. एका वर्षी एकच ओळ. बाकीच्या ओळी शेंगांसाठी राखायच्या. वैशाखात दुसरं काही नसतं तेव्हा शेळ्या त्या शेंगांवर तगतात. आणि सवळायचं ते आकडीनं, म्हणजे लांब काठीला बांधलेल्या विळीनं. आकडीनं मनगटाएवढी फांदी येते, त्याहून जाड येत नाही. शेंड्याला तर ती पोचतच नाही. कुऱ्हाड माळावर चढवायची नाही, असा दंडक होता. कुणी घातला, कवा घातला, हे कुणाला माहीत नव्हतं. पण दुष्काळातसुद्धा तो मोडल्याचं हरणाबाईच्या आठवणीत नव्हतं.

हरणाबाई मंगलची सासू. मंगलचा नवरा नाथाजी वाशीच्या बाजारात माथाडी, वाडीतल्या निम्म्या बाप्यांसारखा जत्रेला आणि मयताला येणारा. घरात दोघी बायका आणि हरणाबाईची शेळ्यामेंढरांचं खांड. खांडावर घर चालायचं आणि माळावर खांड.

या वर्षी पाडव्यानंतरच्या रविवारी भाऊसो माळावर आला. तो खांडवाला नव्हे. त्याच्या घरात शेळी शेवटची कधी होती ते कुणी सांगू शकलं नसतं. त्यानं धुळोबाला नारळ फोडला आणि म्हणाला, पाऊस कसा झालाय ते तुमी बघितलंय. यंदा ओळीबिळी काय न्हाई. सगळ्यांनी सगळं सवळा. पोटाला घाला जनावरांच्या. आकडीनं काय भागणार, म्हणून त्यानं पेट्रोलवरची करवतही भाड्यानं आणून दिली, चालवायला माणूससुद्धा. लोकांनी आधी एकमेकांकडं बघितलं. मग कुणीतरी पुढं झालं. करवतीचा आवाज सुरू झाला आणि शेंडे धडाधड खाली यायला लागले, तसा संकोच गेला.

दुपारपर्यंत जत्रेसारखं झालं होतं. शेळ्या पडलेल्या शेंड्यांवर चढून पाला ओरबाडत होत्या. कोवळ्या, अजून न भरलेल्या शेंगा पायाखाली तुडवल्या जात होत्या. बायकांनी भारे बांधले. मंगलनंसुद्धा दोन भारे डोक्यावर घरी नेले आणि वाटेत भाऊसो भेटला तेव्हा त्याला म्हणाली, लय चांगलं केलंसा, भाऊजी.

ते वाक्य आता तिला सारखं आठवत होतं. खरकट्या ताटात बोट गेल्यासारखं वाटायचं आणि ते बोट कुठं पुसायचं ते कळायचं नाही.

*

जेवण माळावरच होतं. सावली नसल्यामुळं कापडी मांडव घातला होता. तीन दगडांच्या चुलीवर रस्सा रटरटत होता आणि चुलीत हिवराची लाकडं होती, अर्धी ओली, तोंडाशी फेस धरणारी. धूर डोळ्यांत जात होता. कागदी द्रोण वाऱ्यानं उडून बुंध्यांना चिकटत होते. तोडलेल्या तोंडांवर डिंक सुटला होता आणि मटणाच्या वासानं आलेल्या माशा आता डिंकावर बसत होत्या, तिथनं पुन्हा पातेल्याच्या काठावर.

बोकड हरणाबाईनं दिला होता. भाऊसोनं तिला सांगितलं होतं की साहेब लोक जनावरांच्या चाऱ्याचं बघायला येणार आहेत, छावणी मंजूर होईल. तिनं दावणीचा सगळ्यात चांगला बोकड सोडून दिला होता. आता ती मांडवाच्या कडेला फतकल मारून जेवत होती, बोटं चाटत होती. मंगलला बघून तिनं हाक मारली, बस की गं, सकाळपासनं उपाशी हायस. आपलाच बोकड हाय.

मंगल म्हणाली, भूक न्हाई आत्या. ती तिथून बाजूला झाली.

माळाच्या खालच्या अंगाला एक टेम्पो येऊन उभा राहिला होता. विट्याचा जाफर, लाकडाचा व्यापारी. वडिलांपासूनचा धंदा, या भागात कुणाचं लिंबाचं, बाभळीचं झाड विकायचं असलं की माणसं त्यालाच निरोप द्यायची. तो एका एका बुंध्याला कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, पात्यामागच्या बोथट बाजूनं, ठोकत, कान देत चालला होता. मंगलनं त्याला विचारलं, तुमी कसं काय?

जाफरनं सरळ सांगितलं. लपवायचं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. "पाडव्याच्या आधीच भाऊसोंनी बोलावून सांगितलं होतं. फांद्या लोक नेतील, बुंधे तुमचे. करवत पण माझ्याच वखारीतली दिली."

"पाडव्याच्या आधी?"

"व्हय. शिमग्याला."

मंगलनं मनात दिवस मोजले. शिमग्याला माळावर ओळ कुठली सवळायची याचीही चर्चा नव्हती. शिमग्याला हिवर शेंड्यासकट उभे होते. म्हणजे दुष्काळ, जनावरांचं पोट, नारळ, सगळं नंतर आलं होतं. आधी बुंधे विकले गेले होते. मग लोकांच्या हातांनी शेंडे उतरवून घेतले गेले, म्हणजे तलाठी येईल तेव्हा त्याला झाड दिसायला नको.

"ही वठल्याली हायत असं लिहिलंय कागदावर," ती म्हणाली.

जाफर हसला. त्यानं तुंबा पुन्हा एका बुंध्यावर मारला. आवाज भरीव आला. "वठलेलं असतं तर मी डिझेल जाळून विट्याहून आलो असतो का, ताई? एक नंबर माल आहे. जिवंत आहे."

तिनं त्याला म्हटलं की एवढंच वर मांडवात येऊन सांगा. जाफरनं कुऱ्हाड खाली टेकवली. त्याचा चेहरा एकदम व्यापाऱ्याचा झाला.

"माझ्या तोंडून नका वदवू. मला याच भागात धंदा करायचाय."

तो पुढच्या बुंध्याकडं वळला. टक, टक. मंगलला त्याचाही वीट आला. झाड जिवंत आहे हे त्या माळावर सगळ्यात चांगलं त्यालाच कळत होतं, आणि त्या कळण्याचा त्याला एकच उपयोग होता.

ती मांडवात आली तेव्हा भाऊसो हात धूत होता. खरकटं पाणी एका हिवराच्या बुडात जात होतं. तिनं त्याला बाजूला घेतलं आणि शिमग्याचं विचारलं. त्यानं नाकारलं नाही. उपरण्याला हात पुसत तो हलक्या आवाजात, समजूत घातल्यासारखा बोलला.

"वैनी, करवत एक होती. पर कोयतं किती होतं माळावर त्या दिशी? तुमच्या आत्यांच्या हातात बी व्हता. भारा तुमच्या डोक्यावर बी व्हता. तुमी म्हनला झाडं जिती व्हती, तर मग जिती झाडं तोडली कुनी? पोलीस पाटील तुमी हाय. तुमालाच लिवायला लागंल. लिवा की."

बोलताना त्याच्या दाढेत अडकलेली मटणाची तार दिसत होती आणि मंगलची नजर तिथनं हटत नव्हती. त्यानं सगळ्या वाडीला जेवायला बसवलं होतं आणि ताटात काय आहे ते जेवण झाल्यावर सांगत होता.

"वठल्याली म्हनला तर कुनाला काय न्हाई," तो म्हणाला. "मेल्याल्या झाडाचं कुनी काय इचारतं व्हय?"

त्या दिवशी मंगलनं सही केली नाही. तब्येत बरी नाही म्हणाली, आणि ते खोटंही नव्हतं. राजवर्धननं तिच्या सहीची जागा मोकळी ठेवून बाकीच्यांच्या सह्या घेतल्या आणि आठवड्याच्या आत कचेरीत येऊन जा, असं सांगून तो निघाला. पिशवी घ्यायला विसरला होता. परत आला, हिवराच्या खुंटावरून पिशवी काढली आणि गेला.

*

घरी तिनं हरणाबाईला सगळं सांगितलं. सांगायला सोपं नव्हतं. छावणी येणार नाही, हे आधी सांगावं लागलं. मग जाफरचं. मग भाऊसो काय म्हणाला ते.

हरणाबाई ऐकत होती. मधे एकदाच तिनं विचारलं, त्यानं शिमग्यालाच ठरवलं व्हतं? मंगल हो म्हणाली. म्हातारी उठली, गोठ्यामागं गेली. मंगलला वाटलं लघवीला गेली. मग उलटीचा आवाज आला. मंगल धावली तेव्हा हरणाबाई भिंतीला एक हात लावून दुसऱ्या हाताची बोटं घशात घालत होती. जेवलेलं सगळं पडेपर्यंत ती थांबली नाही. मंगलनं पाणी दिलं. तिनं चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं आणि उलटीवर पायानं माती ओढली.

"माजाच बोकड, माजंच हिवर," ती म्हणाली. "मलाच खाऊ घातलं त्यानं."

रात्रीच्या भाकरीचं पीठ मळता मळता तिनं विचारलं, तू काय लिवनार? मंगलनं खरं ते सांगितलं: वठलेली लिहिलं तर माळ जातो. जिवंत लिहिलं तर तुमच्यासकट सगळ्या वाडीवर गुन्हा येतो.

"सवळल्याली लिव," हरणाबाई म्हणाली. "मी सवळली. माळावर करवत चढली त्या दिशी मी तिथं व्हते, मी गप बसले. न्हाई म्हनून सांगू नगंस. पर वठल्याली म्हनू नगंस. आजून ती मेल्याली न्हाईत."

नाथाजीचा फोन आला तेव्हा वाशीपर्यंत बातमी पोचलेलीच होती. भाऊसोनं त्याला आधीच फोन केला होता. नाथाजी म्हणाला, कशाला वाईटपणा घेतीस, सगळ्यांनी केल्यात तर कर सही. मंगलनं विचारलं, आणि खांडाचं काय करायचं? त्यावर तो म्हणाला की शेळ्या विकून टाका, आईचं वय झालंय. हरणाबाई शेजारीच बसली होती, तिला ऐकू गेलं. तिनं मान वळवून दाराबाहेर बघितलं.

मंगलनं पंचनाम्यावर सही केली नाही. तिनं वेगळ्या कागदावर आपलं म्हणणं लिहिलं. साध्या शब्दांत, मागंपुढं न करता. माळावर हिवराची झाडं आहेत. ती वठलेली नाहीत, ती सवळलेली आहेत. सवळलेलं म्हणजे ज्याच्या फांद्या चाऱ्यासाठी उतरवल्या आहेत पण जे जिवंत आहे असं झाड. यंदा रिवाज मोडून त्यांचे शेंडेही उतरवले गेले. ते सरपंचांचे पती भाऊसो यांच्या सांगण्यावरून आणि त्यांनी आणलेल्या करवतीनं झालं, आणि त्यात गावकरी, माझी सासू हरणाबाई आणि मी स्वतः सामील होतो. धुमारे फुटल्यावर पुन्हा पाहणी करावी.

तालुक्याच्या कचेरीत तो कागद घेणाऱ्या कारकुनानं तो दोनदा वाचला. त्यानं विचारलं, तक्रार नक्की कुणाविरुद्ध आहे? मंगल म्हणाली, जे लिवलंय त्यात समदी हायत. कारकुनानं तिच्याकडं असं बघितलं की जणू तिनं टेबलावर मेलेला उंदीर आणून ठेवलाय. शिक्का मात्र मारला.

राजवर्धन तिला व्हरांड्यात भेटला. अवघडल्यासारखा उभा होता. त्यानं सांगितलं की तुमचा कागद वर पाठवलाय, फेरपाहणी होईल, मोठे साहेब येतील. मग म्हणाला, "पण ताई, तेव्हा झाड दिसायला पाहिजे. नुसता ओरखडा काढून दाखवू नका. पानं दाखवा."

वाडीत नळावर बायका तिच्याशी बोलायच्या बंद झाल्या. पाटलीण स्वतःच्या सासूला आत घालायला निघाली, असं एकीनं तिला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हटलं. भाऊसो मात्र भेटला की पहिल्यासारखाच हसून बोलायचा. कशी हाय तब्येत, वैनी? आत्यांच्या उलट्या थांबल्या का? उलट्यांचं त्याला कुणी सांगितलं, हे मंगलला कळलं नाही. त्याच्या बोलण्यानं अंगावर पाल चढल्यासारखं व्हायचं, पण झटकायला काही हाताला लागायचं नाही.

*

हिवर फुटायला लागले ते सगळ्यात आधी देवळाकडच्या बाजूचे. तोडलेल्या तोंडाखाली सालीतून तांबूस टोकं वर आली, मग त्यांना बारीक पानांच्या दुहेरी कडा फुटल्या. हरणाबाईनं खांड दावणीला बांधलं आणि रोज सकाळी ओढ्याकडं जाऊन बाभळीच्या शेंगा वेचून आणायला लागली. शेळ्यांच्या फासळ्या दिसायला लागल्या होत्या. उरलेला दिवस ती माळावर काठी घेऊन बसायची. कुणाची शेळी आली की हाकलायची, कुणाशी भांडायची, कुणाला हात जोडायची. चारपाच घरांनी तिचं ऐकून खांडं बांधली. इतरांनी सांगितलं की जनावर उपाशी आहे, आम्ही काय करू.

मग रविवारी धुळोबाच्या देवळात भाऊसो बोलला. मोठ्यानं नाही, नेहमीसारखंच समजूत घातल्यासारखं. "शेळीच्या तोंडातला घास काढून साहेबाला दावायचा व्हय रं? माळ सगळ्यांचा हाय. कुनी कुनाची शेळी अडवायची न्हाई. शेळीचं पोट भरंल तसं भरू द्या."

हे ऐकून दोघातिघांनी हरणाबाईकडं बघितलं. ती देवळाच्या पायरीवर बसली होती. मंगल तिच्या मागं उभी होती. तिला दिसलं की भाऊसोला या वेळी करवतही लागणार नाही. शेळ्या नेहमीचंच करतील. जे उगवेल ते खातील, रोज, कोंब आला की कोंब. आणि सालीच्या आत जेवढं बळ आहे तेवढं वापरून झालं की हिवर खरंच वठतील. मग कागदावरचा शब्द खरा ठरेल. कुणी खोटं बोललं असं कुणाला म्हणता येणार नाही.

माणसं पांगली. हरणाबाई उठली, गुडघ्यावर हात टेकत माळाकडं चालायला लागली. तिच्याबरोबर एक बाई गेली, तिच्या मागनं आणखी एक. भाऊसोनं चप्पल पायात सरकवता सरकवता त्यांच्याकडं बघितलं आणि कोपऱ्यात थुंकला.

फेरपाहणीची तारीख अजून आलेली नाही. काल संध्याकाळी देवळाकडच्या पहिल्या तीन हिवरांना बोटभर धुमारे होते. आज सकाळी मंगल गेली तेव्हा ते नव्हते. खुडलेल्या जागी साल ओली होती आणि बुडाशी ताज्या लेंड्या पडल्या होत्या. हरणाबाईच्या शेळ्या रात्रभर दावणीला होत्या असं हरणाबाई म्हणते. त्यातल्याच एका शेळीचं दावं सकाळी तुटलेलं सापडलं.